कुत्रा शेण, लेंड्या खातो? आधी बघा, कुणाच्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अडीच वर्षांचा लॅब पुण्यात फ्लॅटमध्ये असतो तोवर एकदम शहाणा, पण वाईजवळ सासरी नेलं की गाडीतून उतरल्या उतरल्या शेजारच्या शेळ्यांच्या लेंड्या शेंगदाण्यासारख्या वेचून खातो, गाईचं शेण चाटतो, आणि मागच्या खेपेला मांजराचंही खाल्लं. सासूबाईंनी ओसरीवर यायची बंदी केलीय, जाऊबाईंना पाचवा महिना आहे म्हणून त्या घाबरल्यात, एकजण म्हणतो कॅल्शियम कमी आहे, दुसरा म्हणतो जंत झालेत, तिसऱ्याने शेणावर तिखट टाकायला सांगितलंय. हे बंद कसं करायचं आणि यात घाबरण्यासारखं काही आहे का.

मी जनावरांचा डॉक्टर, बावीस वर्षं झाली, सकाळी गोठ्यात आणि संध्याकाळी कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकात. म्हणजे या भानगडीत ज्याचं खाल्लं जातं तोही माझा पेशंट आणि जो खातो तोही. त्यामुळे असा फोन आला की मी "किती खाल्लं" हे नंतर विचारतो, आधी विचारतो कुणाचं खाल्लं, आणि त्या जनावराला गेल्या पंधरा दिवसांत काय टोचलं किंवा पाजलं. लोकांना हे विचित्र वाटतं, कुत्रा आमचा आणि चौकशी शेजारच्या म्हशीची! पण खरी गोम तिथेच असते, पुढे सांगतो.

आधी मनातली किळस जरा बाजूला ठेवा. आपल्याकडे "शेण खाल्लं" म्हणजे माणसाने काहीतरी लाज आणणारं केलं, त्यामुळे कुत्र्याने खरोखर खाल्लं की घरातल्यांना वाटतं आमच्या संस्कारात कमी पडली. कुत्र्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो मुळात उकिरड्यावर जगलेला प्राणी, माणसाच्या वस्तीच्या कडेला जे टाकलं जाईल ते खाऊन हजारो वर्षं टिकलाय. रवंथ करणाऱ्या जनावराचं शेण म्हणजे त्याच्या हिशोबाने आंबवलेला चारा, त्यात अर्धवट पचलेला मका भरडा असतो, सरकी पेंडेचा वास असतो, कोट्यवधी जिवाणू असतात. ज्या गोठ्यात खुराक जास्त तिथलं शेण कुत्र्यांना जास्त आवडतं, हे माझं गोठ्यातलं निरीक्षण आहे. आणि नुसत्या दुधावरच्या वासराची पिवळी आंबूस शी असेल तर विचारू नका, ती मिळवायला दोन कुत्री भांडताना मी बघितलीत. मांजराची गोष्ट वेगळी, मांजराच्या खाण्यात प्रोटीन आणि फॅट भरपूर, त्यातलं थोडंफार बाहेर पडतं, त्यामुळे कुत्र्याच्या नाकाला ते जवळजवळ खाऊच वाटतं. घोड्याची लीदही तशीच, घोड्याचं पचन गाईइतकं बारीक नसतं, लिदीत गवताच्या काड्या आणि कधीकधी अख्खे दाणे दिसतात.

त्यातून तुमचा लॅब. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये, साधारण चारातल्या एकात, पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो आणि त्यामुळे ती कुत्री खाण्याच्या मागे जास्त असतात. म्हणजे "पोट भरलं" हा निरोप त्यांच्या मेंदूपर्यंत नीट जातच नाही. तुमच्याकडच्याची तपासणी करायची काही गरज नाही, पोळीचा डबा उघडल्याच्या आवाजाला तो कुठून कुठून येतो ते बघा, उत्तर मिळेल.

इथे एक फरक ध्यानात घ्या. स्वतःची किंवा दुसऱ्या कुत्र्याची शी खाणं ही वेगळी सवय आहे. त्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रेवाल्यांना प्रश्नावल्या पाठवून मोठा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. साधारण १६ टक्के कुत्री हे नेहमी करतात असं निघालं, बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आतली ताजीच खातात, आणि खाणं बंद व्हावं म्हणून बाजारात मिळणाऱ्या पावडरी-गोळ्यांचा गुण शंभरात शून्य ते दोन. त्यांचा अंदाज असा की लांडग्यांच्या काळात गुहेच्या तोंडाशी पडलेली शी जंतांची अंडी पिकायच्या आत खाऊन टाकणं फायद्याचं होतं, ती खोड अजून रक्तात आहे. तुमच्याकडे हा मामला नाही, तुमचा दुसऱ्या जनावरांचं खातो, ते त्याहूनही साधं आणि त्याहूनही जास्त बघायला मिळणारं. पण पावडरीवर पैसे घालायच्या आधी तो दोनचा आकडा आठवा. शिवाय अशी पावडर कुत्र्याच्या जेवणात घालून त्याचीच शी बेचव होते असं म्हणतात, आता शेजारच्या शेळीला कोण घालणार!

आता कॅल्शियमचं. शेण खातो म्हणजे कॅल्शियम कमी, हे मी रोज ऐकतो आणि रोज खोडतो. चांगलं डॉगफूड किंवा नीट बेतलेलं घरचं जेवण मिळणाऱ्या, अंगाने भरलेल्या, केस चमकणाऱ्या कुत्र्याने शेण खाल्लं तर त्यात कमी-जास्त काही नाही, त्याला आवडलं म्हणून खाल्लं. पण काही वेळा मात्र खरंच आतून काहीतरी चालू असतं. एक म्हणजे आपल्याकडचं दूध-पोळी प्रकरण. सकाळी दूध-पोळी, रात्री दही-भात, आणि रविवारी मटणाचं हाड, असं वर्षानुवर्षं खाणारं कुत्रं प्रोटीनला खरोखर भुकेलं असतं, त्याला आधी अंडी, चिकन, मासळी चालू करा, मग शेणाचं बघू. दुसरं, कुत्रा भरपूर खातोय आणि तरी वाळत चाललाय, शी पांढरट-पिवळी, तेलकट, ढीगभर आणि घाण वासाची होतेय, तर स्वादुपिंड पाचकरसच सोडत नसेल. हे जर्मन शेफर्डमध्ये जास्त सापडतं, रक्ताची टीएलआय नावाची टेस्ट असते, आणि एंझाइमची पावडर जेवणात चालू केली की महिन्याभरात कुत्रं ओळखू येत नाही इतकं सुधारतं. तिसरं, स्टेरॉइडच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर भूक राक्षसासारखी वाढते, दिसेल ते तोंडात जातं. आणि चौथं आपल्या महाराष्ट्रातलं नेहमीचं, गोचीडताप. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, दम लागतो, आणि आजवर कधी न खाल्लेली माती, चुना, भिंतीचं प्लास्टर चाटायला लागलाय, तर मी शेणावर चर्चा न करता आधी सीबीसी करतो, हिमोग्लोबिन बघतो. तुमचा लॅब पुण्यात असलं काही करत नाही, वजन टिकून आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा यातलं काही असेल असं मला वाटत नाही. गावी संधी आहे म्हणून खातो, पुण्यात शेळ्या नाहीत, इतकंच.

जंतांकडे येऊ. शेळीच्या पोटातले जंत हे शेळीचे जंत, बहुतेक सगळे कुत्र्याच्या पोटात घर करत नाहीत. अंडी गिळली तर आतून प्रवास करून जशीच्या तशी मागून बाहेर पडतात. इथेच एक गंमत होते आणि त्या गमतीत मी एकदा सपशेल आपटलोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, एका मेंढपाळाचं नाही तर त्याच्या शेजारच्या बागाईतदाराचं कुत्रं होतं, पॉमेरेनियन मिक्स. शेतात मेंढरं बसवली होती, म्हणजे धनगराचा वाडा चार रात्री रानात मुक्कामाला, खत आयतं मिळतं म्हणून शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन बसवतात. कुत्र्याची शी जरा पातळ म्हणून माझ्याकडे आणली, मी मायक्रोस्कोपखाली बघितली तर कॉक्सिडियाची, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची, अंडीच अंडी. त्यावरच्या सल्फा औषधाचा कोर्स दिला. पंधरा दिवसांनी परत तेवढीच. परत सल्फा. तिसऱ्यांदा कुत्रं आलं ते डोळ्यांत चिकट पू घेऊन, डोळे कोरडे ठाक. सल्फाने काही कुत्र्यांचे अश्रू आटतात, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा समोर बघितलं. मग डोकं चाललं, ती अंडी दोन-तीन दिवस ओलाव्यात पिकू दिली आणि परत भिंगाखाली घेतली. कुत्र्याच्या कॉक्सिडियाचं अंडं पिकलं की आत दोन कप्पे दिसतात आणि प्रत्येकात चार-चार पिल्लं, मेंढी-शेळीच्या कॉक्सिडियात चार कप्पे आणि प्रत्येकात दोन-दोन. माझ्यासमोर चार कप्पे होते. म्हणजे कुत्र्याला काही झालेलंच नव्हतं, मी महिनाभर मेंढ्यांच्या लेंड्यांवर उपचार करत होतो, कुत्रं फक्त ने-आण करत होतं. चूक शंभर टक्के माझी, मालकाला एका शब्दाने विचारलं नव्हतं की हा काय खातो. डोळ्यांत थेंब घालत सुधारायला त्याला दोन महिने गेले.

म्हणून शीची तपासणी करायला न्याल तेव्हा डॉक्टरला आपणहून सांगा की हा लेंड्या खातो. लाजू नका. शक्य असेल तर चार दिवस लेंड्यांपासून लांब ठेवून मग सँपल द्या.

बरं, जंत होत नाहीत म्हणून जंताचं औषध बंद करायचं असंही नाही. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यायचंच. गावाकडे जाणाऱ्या कुत्र्याच्या औषधात प्राझिक्वांटेल, म्हणजे टेपवर्मवरचं (चपट्या जंतांवरचं) औषध आहे ना एवढं बघून घ्या, कारण खरा धोका शेणात नसून खाटकाकडच्या टाकाऊ फुप्फुस-काळजात आहे. मेंढी-शेळीच्या फुप्फुसात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असू शकतात, त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक टेपवर्म वाढतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या लिव्हरमध्ये तीच गाठ. त्याला हायडॅटिड म्हणतात. लोक शेण बघून ओरडतात आणि त्याच कुत्र्याला जत्रेच्या दिवशी कौतुकाने कच्चं काळीज टाकतात! तसंच गाय-म्हैस व्याल्यावर पडणारी वार, किंवा गाभण जनावर गाभडलं तर जे पडतं ते, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातून ब्रुसेला हा जनावर गाभडवणारा जिवाणू येऊ शकतो, आणि निओस्पोरा नावाचा जीव असा आहे की कुत्रा वार खातो, त्याची शी वैरणीवर पडते, आणि पुढच्या गाई गाभडतात. ते खोल खड्ड्यात पुरायचं, वर दगड ठेवायचा.

आता ज्यासाठी मी कुणाचं खाल्लं हे आधी विचारतो ते. आयव्हरमेक्टिन. गोठ्यातल्या गोचिडांसाठी, जंतांसाठी आज गावोगाव हे इंजेक्शन चालतं, १ टक्क्याची बाटली, ५० किलो वजनाला १ मिली, घोड्यांना पेस्ट. गंमत अशी की हे औषध अंगात फारसं मोडत नाही, बहुतेक सगळं शेणावाटेच बाहेर पडतं, आणि पहिल्या आठवड्याभरात त्याचं प्रमाण चांगलंच असतं. साध्या कुत्र्याने त्यातलं थोडं शेण खाल्लं तर सहसा काही होत नाही. पण कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या मेंढपाळी जातींत एमडीआर१ नावाच्या जीनमध्ये दोष असू शकतो, कोलीत तर फारच. या जीनचं काम मेंदूच्या दारावरच्या रखवालदाराचं, औषध मेंदूत शिरायला लागलं की बाहेर ढकलायचं. रखवालदारच नसला की औषध थेट आत.

पाच-सहा वर्षांपूर्वीची केस. थंड हवेच्या गावातला बंगला, शेजारी पर्यटकांच्या घोड्यांचा तबेला, आणि बंगल्यात मुंबईहून सुट्टीला आलेलं कुटुंब आणि त्यांची रफ कोली कुत्री. संध्याकाळी फोन आला, "डॉक्टर, हिला दारू पाजल्यासारखं झालंय." गेलो तर कुत्री सोफ्याच्या पायाला कपाळ टेकवून उभी, मागचे पाय फाकलेले, लाळेने पुढची छाती ओली. टॉर्च मारला तर दोन्ही बाहुल्या मोठ्या, काळ्या, उजेडाला आकसतच नव्हत्या. मी हाताने डोळ्यासमोर झटका दिला, पापणी हलली नाही, दिसतच नव्हतं तिला. विष घातलं, साप चावला, सगळे तर्क चालू होते. मी तबेल्यात गेलो, घोडेवाल्याला विचारलं, तो म्हणाला परवाच सगळ्या घोड्यांना पेस्ट दिली. मुलांनी सांगितलं की कुत्री दोन दिवस तिकडेच पडीक होती, घोडा लीद टाकतोय तोवर ही हजर. लिदीच्या एक-दोन गोळ्यांनी हे होत नाही हं, तिने दोन दिवस पोटभर खाल्लं होतं. याला उतारा म्हणून काही इंजेक्शन नाही. सलाईन, शिरेतून लिपिड म्हणजे चरबीचं द्रावण, डोळ्यात दर काही तासांनी मलम, आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची कारण रात्री ती आडवीच झाली. चौथ्या दिवशी शेपूट हललं, सहाव्या दिवशी पाणी स्वतः प्यायली. दिसायला लागलं तेव्हा पहिलं काय केलं असेल, तबेल्याच्या दिशेने गेली.

तुमचा लॅब आहे, लॅबमध्ये हा दोष सहसा नसतो, त्यामुळे तुम्हाला यातली भीती फार कमी. पण शेजाऱ्यांना विचारून ठेवा, जनावरं टोचली की सांगा म्हणावं, आणि त्यानंतर दोन आठवडे तिकडे सोडू नका. आणि कुणाकडे कोली असेल तर त्याला खरजेसाठी, गोचिडांसाठी "गाईचं इंजेक्शन" टोचून घेऊ नका, हे होतं आपल्याकडे, कंपाउंडर मंडळी सर्रास करतात.

शेण-लेंड्यांपेक्षा मला जास्त धास्ती कोंबडखताची आणि बागेच्या खताची. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिया होऊ नये म्हणून मोनेन्सिन, लॅसॅलोसिड असली औषधं घातलेली असू शकतात, कोंबडीला ती चालतात, कुत्र्याला नाही. असलं लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचा विष्ठा मिसळलेला भुसा, खाल्लं की मागच्या पायातली ताकद जाते आणि अशक्तपणा पुढे सरकत येतो. शिवाय लिटरमध्ये मेलेली कोंबडी असली तर बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, लक्षणं जवळपास तशीच. कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला तर आहेच. शेतात कोंबडखताची ट्रॉली रिकामी झाली असेल तर कुत्रा बांधून ठेवा, यात मी तडजोड करत नाही. दुसरं, फळझाडांना घालतात ती एरंडी पेंड. एकदा फोनवर मला सांगितलं की शेणखत खाल्लं आणि उलट्या होतायत, मी म्हटलं फोटो पाठवा, फोटोत शेणखतावर एरंडी पेंड आणि हाडांचा चुरा पसरलेला. हाडांच्या वासाने कुत्रं जातं आणि एरंडीतलं रायसिन पोटात जातं, रक्ताची उलटी-जुलाब, जिवावर बेततं. असं झालं तर लक्षणांची वाट बघू नका, तासाभरात दवाखाना गाठा. तसंच खरकटं टाकलेला, बुरशी धरलेला उकिरडा. त्यातल्या काही बुरशींच्या विषाने कुत्रं थरथर कापायला लागतं, तेही लगेच न्यायचं.

आता जाऊबाईंचं. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो हे खरं, गरोदर बाईने जपायचं हेही खरं. पण नीट समजून घ्या. मांजर हा जीव बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, तेही आठवडा-दोन आठवडे बाहेर टाकतं, आणि ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, पिकायला एक ते पाच दिवस लागतात. कुत्र्याच्या अंगात ती वाढून शीतून पडत नाहीत, पण जुनी शी खाल्ली किंवा तिच्यात लोळला तर तोंडावर, केसांवर आणि त्याच्या शीतून अंडी घरापर्यंत येऊ शकतात. तेव्हा नऊ महिने होईपर्यंत जाऊबाईंनी कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही, हात धुवायचे, त्याची शी दुसऱ्याने उचलायची, बस. आणि खरं सांगायचं तर न धुतलेली मेथी-कोथिंबीर, अर्धवट शिजलेलं मटण आणि परसातली माती या तीन गोष्टी त्यांच्यासाठी कुत्र्यापेक्षा जास्त लक्ष ठेवण्यासारख्या आहेत. घरातल्या मांजराच्या ट्रेमधली गोळे होणारी वाळू असेल आणि कुत्रा ती शीसकट खात असेल तर मात्र जपा, जास्त पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. ट्रे उंचावर ठेवा.

उपायांबद्दल. तिखट टाकू नका, गावभरच्या लेंड्यांवर किती पुड्या टाकणार, आणि डोळ्यात गेलं तर वेगळं प्रकरण. रॉकेल, तुरटी, फिनेल, सगळं बाद. नाक घासणं, मारणं हा प्रकार तर पूर्ण उलटा पडतो, कुत्रा शिकतो काय तर माणूस बघत असताना खायचं नाही, आणि बघायला लागला तर पटकन गिळायचं. तुम्ही "अरे अरे अरे" करत मागे धावता ना, त्याच्या दृष्टीने तो खेळ आहे किंवा शर्यत, आणि शर्यत जिंकायचा उपाय म्हणजे लवकर गिळणं. मी क्लिनिकमध्ये बघतो, जेवढं घर आरडाओरडा करणारं तेवढं कुत्रं चोरून खाणारं. आणि उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, शेणाने काही झालं नसतं ते मिठाने होईल, रक्तातलं मीठ वाढून कुत्री मेलेली आहेत.

मग करायचं काय. पहिल्यांदा त्याची भूक हिशोबात घ्या, गावी पोचायच्या आधी वाटेत थांबून त्याचं अर्धं जेवण द्या. उतरताना पट्टा लावूनच उतरवा. पहिली वीस मिनिटं सगळ्यात वाईट, कारण पंधरा दिवसांचा साठलेला उत्साह असतो, ती वीस मिनिटं गोठ्याच्या विरुद्ध दिशेला चालवून आणा. नंतर मोकळं सोडायचं तर गोठ्यातला कासरा घ्या, चार-पाच मीटरचा, आणि हार्नेसला बांधा, गळ्याच्या पट्ट्याला नको, धावत सुटला आणि झटका बसला तर मानेला इजा होते.

पुण्यात घरी "सोड" शिकवायला घ्या. मुठीत त्याचं रोजचं खाणं धरा, तो चाटेल, पंजा मारेल, गप्प बसा. ज्या क्षणी तोंड मागे घेईल त्या क्षणी "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातून उकडलेल्या चिकन लिव्हरचा तुकडा द्या, मुठीतलं नाही. दोन दिवसांत तो मूठ दिसली की तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल. मग तेच खाणं जमिनीवर, पायाखाली झाकून. मग न झाकता. मग पट्ट्यावर चालताना. मग गावी वाळक्या गोवरीजवळ, जिला फारसा वास नाही, आणि सगळ्यात शेवटी लेंड्यांजवळ. प्रत्येक पायरीला दोन-चार दिवस. लोक पहिल्या दिवशीच लेंड्यांच्या ढिगाजवळ उभं राहून "सोड सोड सोड" ओरडतात, ते म्हणजे पोहायला न शिकवता कृष्णेत ढकलणं. आणि बक्षीस समोरच्या वस्तूपेक्षा भारी पाहिजे, बिस्किटावर तो शेण सोडणार नाही, मीही सोडलं नसतं.

मुसकं घालायचं असेल तर जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील असं, कापडी घट्ट नळी उन्हात घालू नका. मात्र जाळी लेंड्यांना चालते, ओल्या शेणाला नाही, तो जाळी शेणात दाबतो, आत येईल तेवढं चाटतो, आणि मग ते धुवायचं काम तुमच्याकडे.

हे सगळं करून तो पूर्ण सुटेल असं मी सांगणार नाही. दहातल्या आठ वेळा सोडेल, दोनदा खाईल. त्या दोनदा काही झाल्यासारखं दाखवू नका, तोंड पाण्याने पुसा, दात घासायची सवय असेल तर घासा, आणि पुढचा दिवसभर लक्ष ठेवा. एखादी पातळ शी झाली तर दही-भातावर ठेवा, बाकी काही करू नका. पण झोकांड्या, थरथर, मोठ्या बाहुल्या, रक्ताची शी, सतत उलट्या, किंवा पाय ओढणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन का असेनात, डॉक्टरला उठवा, आणि जे खाल्लं त्याचा नमुना पिशवीत घेऊन जा. डीएचएलपीपीआयची लस राहिली असेल तर घ्या, त्यातला एल लेप्टोचा, म्हणजे मुतातून पसरणाऱ्या आजाराचा आहे, गोठ्यातल्या मूत मिसळलेल्या डबक्यातलं पाणी तुमचा लॅब पीत असणारच.

सासूबाईंना सांगा, ओसरीवर यायच्या आधी त्याचं तोंड आणि पाय धुतले जातील, ही जबाबदारी नवऱ्याकडे द्या. आणि शीचं सँपल माझ्यासारख्या कुणाकडे नेताना सकाळचं ताजं, सुपारीएवढं, घट्ट झाकणाच्या डबीत न्या. आईस्क्रीमच्या डब्यात नको. मागे एकाने आणला होता, माझ्या असिस्टंटने तो फ्रिजमध्ये ठेवला आणि दुपारी दुसऱ्याने चमचा घेऊन उघडला.